सुटलेल्या ब्रेकची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी गिअरची सायकल आहे. डोंगरावर चालवायची सायकल म्हणून दुकानदाराने मला विकलं होतं. जाड टायर, आडवं हँडल, पुढे शॉकअप आणि अठरा गिअर. डोंगर मात्र माझ्या वाट्याला कधी आला नाही. आमच्या कळसाडी गावच्या शिवारातून, कापसाच्या ओळी जिथे संपतात त्याच्या पलीकडे सातपुडा निळा दिसतो, तेवढाच मी पाहिला. आज माझा रंग तांबडा आहे आणि नवा आहे. नंदुरबारच्या रस्त्यावर मी उभी असले की लोक वळून पाहतात. "जुनी वाटत नाही हो," असं म्हणतात. असं कोणी म्हणालं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याचं कारण मी कोणालाच सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगते.

माझा सांगाडा पंजाबातल्या एका कारखान्यात जोडला गेला. तिथलं मला फारसं आठवत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या आठवतात आणि खोक्यात घालून केलेला लांबचा प्रवास आठवतो. शहाद्याच्या एका दुकानात माझी चाकं बसवली आणि तिथून पितांबरआप्पांनी मला घरी आणलं.

पितांबरआप्पा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. घरी थोडी शेती होती, पण गावात त्यांची ओळख त्यांच्या हातांची. कोणाची पाण्याची मोटार अडली, कोणाचं शिलाई मशीन अडलं, की माणूस आप्पांच्या ओट्यावर यायचा. आप्पा यंत्राला कान लावायचे आणि आजार सांगायचे. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. अशा माणसाच्या घरात आपण आलो, आता आपल्याला काय कमी, असं मी मनात म्हणत असे.

मला आणलं होतं त्यांच्या मुलासाठी, हेमकांतसाठी. तो दहावी पास झाला होता. दोन वर्षं त्याने मला हौसेने चालवलं, मग डिप्लोमा करायला तो नाशिकला गेला आणि मी ओट्याखाली उभी राहिले. तिथून मला त्याच्या बहिणीने बाहेर काढलं. तिचं नाव दीपमाला.

दीपमालासारखी चालवणारी मला पुन्हा मिळाली नाही. कॉलेजला शहाद्यापर्यंत ती माझ्यावर जायची आणि परत आली की जुन्या ओढणीच्या तुकड्याने माझा सांगाडा पुसायची. चेनवरचा चिखल काडीने काढायची. तिला पोलीस व्हायचं होतं. पहाटे ती रस्त्यावर पळायची आणि आठवड्यातून तीनदा मला घेऊन सारंगखेड्याला जायची. तिथे गायत्री नावाची तिची मैत्रीण होती. दोघी मिळून तापीकाठच्या मोकळ्या जागेत लोखंडी गोळा फेकण्याचा सराव करायच्या. मला एका बाभळीला टेकवून ठेवलेलं असायचं. गोळा जमिनीवर आदळल्याचा आवाज यायचा, मग दोघींचं हसणं आणि पावलांनी अंतर मोजणं. दर आठवड्याला तो आवाज थोडा आणखी लांबून येई.

भरतीची मैदानी चाचणी जवळ आली, त्या हिवाळ्यात माझे ब्रेक ढिले झाले. दीपमालाच्या ते लगेच लक्षात आलं. ती आप्पांना म्हणाली, "आप्पा, मांगला ब्रेक लागत नही. पुढला बी ढिला शे."

"सकाय करसू," आप्पा म्हणाले. सकाय म्हणजे उद्या.

कारखान्यात उसाचं गाळप जोरात चाललं होतं. आप्पा घरी फक्त झोपायला आणि जेवायला यायचे. दीपमालाने चार दिवसांनी पुन्हा सांगितलं, आणखी तीन दिवसांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळेला आप्पांनी कामावर जाण्याआधी मला उलटं केलं. पुढच्या ब्रेकचे झिजलेले रबर त्यांनी तसेच फिरवून बसवले. मागच्या ब्रेकला घरात पडलेली एक जुनी तार घातली. ती आखूड होती. ओढून ओढून तिचं टोक बोल्टपर्यंत पोहोचलं, पण बोल्टखाली तिचे दोनच पदर धरले गेले, बाकीचे बाहेर राहिले. आप्पांनी ते पाहिलं. त्यांचा अंगठा त्या सुटलेल्या पदरांवर क्षणभर थांबला, ते मला अजून जाणवतं. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा ऐकू आला. आप्पांनी बोल्ट आवळला, मला सरळ उभं केलं आणि हात पुसत म्हणाले, "झायी. जाय आते."

दीपमालाने एकदा ब्रेक दाबून पाहिला. तो लागला. आप्पांनी केलंय म्हटल्यावर तिने दुसऱ्यांदा दाबून पाहिला नाही.

त्याच दिवशी दुपारी आम्ही सारंगखेड्याला निघालो. घोड्यांची जत्रा उठून महिना झाला होता, रस्त्यावर आता उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. तापीच्या पुलाकडे रस्ता खाली उतरतो. मित्रांनो, इथे मला माझीही एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या उतारावर मला मजा आली. वारा स्पोकमधून गात होता, दीपमालाने पायडल मारणं थांबवलं होतं आणि मी आपोआप धावत होते. माझ्या पाठीशी दोन पदरांवर लोंबणारा ब्रेक आहे, हे मी विसरले. समोरची ट्रॉली अचानक थांबली. दीपमालाने वेळेवर ब्रेक दाबले, अगदी वेळेवर. पुढचे रबर रिमवरून घसरले आणि मागची तार बोल्टखालून निसटली. ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी पट्टीवर आम्ही आदळलो. पुढचं चाक धरणारा माझा चिमटा वाकला, सांगाड्याची वरची नळी चेपली. दीपमाला उजव्या हातावर पडली. तिचा हात कोपरापाशी मोडला.

चाचणीला आठ दिवस राहिले होते.

ट्रॅक्टरवाल्याने तिला दवाखान्यात नेलं आणि मला घरी आणून टाकलं. संध्याकाळी दीपमाला प्लास्टर घालून परत आली तेव्हा अंगणात अर्धी गल्ली जमली होती. शेजारचे चुडामणकाका होते, धनुबाई होत्या. कोणीतरी विचारलं, "आप्पा, ब्रेक फेल झाया का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते मोठ्याने म्हणाले, "पोरले ब्रेक मारता येस का? उतारवर सुसाट सोडी दिधी. सायकलले काय व्हयेल शे?"

फिटरच्या हातचं काम चुकेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. दीपमाला खाटेवर बसली होती. तिने मान खाली घातली आणि प्लास्टरवर पडलेली धूळ डाव्या हाताने झटकत राहिली.

लोक गेल्यावर आप्पा पकड घेऊन आले. त्यांनी मागची तार बाहेर ओढली, तिची गुंडाळी केली आणि उकिरड्यात खोल खुपसली. मग मला गोठ्याच्या मागच्या छपरात नेऊन टाकलं. मी सगळं पाहत होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते असं मी पुढे कितीदा स्वतःला सांगितलं. पण खरं सांगू? तेव्हा मला बरंही वाटलं होतं. सायकलला काही झालेलं नाही, दोष सायकलचा नाही, असं सगळ्यांसमोर ठरलं होतं. आप्पा वाचले होते आणि त्यांच्याबरोबर मीही वाचले होते.

त्या छपरात मी बारा वर्षं काढली. माझ्यावर कापसाच्या काड्या रचल्या गेल्या, सीटमध्ये उंदरांनी घर केलं, टायर तडकले, चेन गंजून काठीसारखी ताठ झाली. लोकांच्या बोलण्यातून मला घरातलं कळत राहिलं. पुढची भरती आली तेव्हा दीपमाला धावण्यात पहिल्या मुलींत होती, पण तिचा हात पुरता सरळ होत नव्हता. गोळा रेषेच्या अलीकडेच पडला. नंतर तिचं लग्न झालं, ती नंदुरबारला गेली आणि तिथे एसटीत कंडक्टर झाली. हेमकांत सुट्टीत आला की तिला गमतीने 'बिनब्रेकनी' म्हणायचा. ती हसायची. मला ते हसणं भिंतीआडून ऐकू यायचं आणि नको व्हायचं.

मागच्या वर्षी आप्पा निवृत्त झाले. त्याच दिवाळीला दीपमाला माहेरी आली. गोठ्याजवळच्या हातपंपावर ती हंडा भरत होती. हंडा उचलताना तिचा उजवा हात मधेच अडला आणि पाणी सांडलं. तिची आई दगूबाई धावत आली आणि हंडा हातात घेत म्हणाली, "तवय जरा हळू गयी असती, ते आज हात धड ऱ्हाता."

दीपमाला शांतपणे म्हणाली, "हा माय, मन्हीच चूक व्हती. मीच उशिरा ब्रेक दाबा."

आप्पा गोठ्यात गाईला वैरण टाकत होते. त्यांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मित्रांनो, तोवर त्यांना वाटत असावं की मुलीला खरं ठाऊक आहे आणि ती बापाचा मान राखून गप्प आहे. तिने त्यांचं खोटं खरंच मानलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं.

दीपमाला सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी काड्या बाजूला केल्या आणि मला उजेडात आणलं.

"बारा वरीस पडेल व्हती, आतेच काब्रं?" आत्ताच का, असं दगूबाईंनी विचारलं.

"टाइम शे आते," आप्पा एवढंच म्हणाले.

मग कडुनिंबाखाली माझं काम सुरू झालं. आप्पांनी माझा एकेक भाग सुटा केला. जे बोल्ट हलत नव्हते त्यांच्यावर ते रोज थोडं डिझेल सोडत. सीटची नळी सांगाड्यात गंजून इतकी घट्ट बसली होती, की त्यांनी मला दोराने झाडाला बांधलं, नळीला मोठा पाना लावला आणि दोन आठवडे रोज थोडं थोडं पिळलं. ती निघाली तेव्हा मी किंचाळले. चाकांतले बेअरिंगचे छर्रे खड्डे पडून खराब झाले होते, ते सगळे बदलले आणि नवं ग्रीस भरलं. हेमकांतने नाशिकहून खोकी पाठवली. एकात नवा शॉकअपचा चिमटा आणि डिस्क ब्रेकचं पुढचं चाक होतं. दुसऱ्यात नवे गिअर होते. पूर्वी पायडलपाशी माझ्या तीन दातेरी चकत्या होत्या, आता एकच आली आणि मागे आठ. कमी गिअरमध्ये जास्त सोय. हेमकांत व्हिडिओ कॉलवर समजावून सांगायचा आणि आप्पा चष्मा वर करून "दखाड, परत दखाड" म्हणायचे. डिस्क ब्रेक तर त्यांनी आधी कधी बसवलाच नव्हता. पहिल्यांदा तो सारखा घासत राहिला, तीन दिवस त्यात गेले. मागच्या रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, त्यांनी सांगाड्याला खडू बांधून काढला. जिथे खडू लागेल तिथला स्पोक आवळायचा, दुसऱ्या बाजूचा सैल करायचा. सबंध दुपार चाक फिरत राहायचं.

चुडामणकाका येता-जाता थांबायचे. एकदा म्हणाले, "फिटर तो फिटरच शे. आप्पाना हात लागना म्हंजे यंत्र फसाडस नही."

आप्पांनी मान वर केली नाही. पाना खाली ठेवला, उठून घरात गेले आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आले नाहीत.

शेवटी राहिला मागचा ब्रेक. माझ्या जुन्या सांगाड्याला मागे डिस्क बसत नाही, त्यामुळे तिथे तारेचाच ब्रेक ठेवावा लागणार होता. तोच बोल्ट, तीच जागा. नवी, हवी तेवढी लांब तार समोर पडलेली होती. आप्पा स्टूल घेऊन माझ्यापाशी बसायचे, तार हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती बसवली. मग काढली आणि पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी बोल्टखालचे पदर बोटाने मोजले.

नंतर त्यांनी चेपलेल्या नळीवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून गुळगुळीत केली आणि वर तांबडा रंग मारला. अपघाताची शेवटची खूण गेली. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला. मला वाटलं, संपलं सगळं. आता कोणाला काही सांगायची गरज नाही. आप्पांनाही तसंच वाटत असावं. ते मला कालव्याच्या भरावावर घेऊन गेले. साठी ओलांडलेला तो माणूस माझ्यावर बसून भरावाच्या उतारावरून खाली यायचा, ब्रेक दाबायचा, उतरून मला वर ढकलत न्यायचा आणि पुन्हा खाली यायचा. दम लागेपर्यंत त्यांनी हे केलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दीपमाला आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतातच. कडुनिंबाला झोका बांधलेला होता, दगूबाई आत मांडे करत होत्या. धनुबाई आणि चुडामणकाका ओट्यावर बसले होते. आप्पांनी मला अंगणात आणून उभं केलं आणि म्हणाले, "तुन्हासाठी करी. लई जाय नंदुरबारले."

दीपमाला जागच्या जागी उभी राहिली. मग जवळ आली, तिने माझ्या हँडलवरून हात फिरवला आणि वाकून आप्पांच्या पाया पडली. म्हणाली, "मी मोडेल सायकल, आन् तुम्ही मन्हासाठी दुरुस्त करी, आप्पा."

आप्पा खाली बसले. ओट्यावर नाही, माझ्या चाकापाशी, मातीत. त्यांना काही झालं असं वाटून चुडामणकाका उठले. आप्पांनी हाताने त्यांना थांबवलं.

"बस, चुडामण. तुमना समोरच बोलनू व्हतू, तुमना समोरच सांगस." त्यांनी माझ्या मागच्या ब्रेककडे बोट केलं. "तिनी काहीच चूक नही व्हती. ब्रेक मीच करेल व्हता. तार आखूड व्हती, बोल्टमा बराबर बठेल नही व्हती. माले दिसनं व्हतं. भोंगा व्हयना, मी तशीच सोडी दिधी. मंग तार काढीसन उकिरडामा फेकी, कोन्ले दिखाले नको म्हनीसन. आन् दोष पोरवर टाका."

झोका वाऱ्याने हलत होता. दगूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या हातांना पीठ होतं. माझ्या नव्या रंगाखाली मला आग लागल्यासारखं झालं. चार माणसं माझ्या मागच्या ब्रेककडे पाहत होती. कुठे तोंड लपवावं ते मला कळेना.

दीपमाला बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नाही.

"बारा वरीस, आप्पा. मी स्कूटी शिकनू नही. गाडी उतारले लागनी का मी बसमा दांडी धरीसन उभी ऱ्हास. माले वाटे, मन्हा हातच येळवर चालस नही."

"हा," आप्पा म्हणाले. "माले माफ कर म्हनाले बी तोंड नही."

तिने माफ केलं असं म्हटलं नाही. तिने पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, "दादाले सांगा. आते, आठेच."

तिथेच, सगळ्यांसमोर, आप्पांनी खिशातून फोन काढला. दगूबाईंनी पिठाच्या हातांनीच नंबर लावून दिला. पलीकडून हेमकांतचा आवाज आला. आप्पा म्हणाले, "हेमकांत, तू तिले बिनब्रेकनी म्हनस ना. आजपासून म्हनू नको. ती सायकलना ब्रेक मी खराब करेल व्हता, आन् मी खोटं बोलनू." मग त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं, हे त्यांच्या खाली खाली जाणाऱ्या मानेकडे पाहून कळत होतं. ऐकून झाल्यावर हेमकांतने बहिणीला फोनवर बोलावलं. ती फोन घेऊन कडुनिंबापलीकडे गेली, त्यामुळे ते दोघं काय बोलले ते मला माहीत नाही.

त्या दिवशी ती जेवली, पण बापाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने गेली. मला नेलं नाही. मी पुन्हा ओट्याखाली उभी राहिले आणि मला वाटलं, हे योग्यच आहे. आप्पा रोज सकाळी मला पुसायचे, ब्रेक दाबून पाहायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. गावात गोष्ट पसरली होती. काही दिवस कोणी मोटार दुरुस्तीला आणली नाही. नंतर आणू लागले. आता आप्पा काम झालं की माणसाला आपल्यासमोर यंत्र चालवून बघायला लावतात. काही राहिलं असेल तर 'एवढं राहिलं आहे' असं स्पष्ट सांगतात.

जूनच्या सुरुवातीला दीपमालाचा फोन आला. तिने आप्पांना विचारलं, "सायकल बसना टपवर बसी का?" म्हणजे बसच्या छतावर बसेल का? आप्पा "हा, बसी, बसी," असं दोनदा म्हणाले आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी मला स्वतः नंदुरबारला पोहोचवलं. दीपमालाने त्यांना चहा दिला. दोघं थोडंच बोलले, तेही पावसाचं आणि कापसाच्या लागवडीचं. पण निघताना ती त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेली.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या सायकलचा ब्रेक आठवड्यातून एकदा बघा, तार पुरी बसली आहे का ते बघा. आणि कोणाचं काम तुमच्याकडून अर्धं राहिलं, तर ते अर्धं आहे हे त्याला सांगा. तेवढ्या एका वाक्याची तुम्हाला लाज वाटेल, पण ती दोन मिनिटांची असते. न सांगितलेल्याची लाज किती वर्षं पुरते, ते मी पाहिलं आहे. माझी अजून संपलेली नाही. नव्या रंगाने ती झाकली जाईल अशी माझी समजूत होती, ती चुकीची होती.

दीपमाला आता सुट्टीच्या दिवशी मला बाहेर काढते. सपाट रस्त्यावर ती छान चालवते, जुन्यासारखी. उतार आला की मात्र तिची बोटं दोन्ही ब्रेकवर येतात आणि खाली पोहोचेपर्यंत तिथेच राहतात. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून पुढे निघून जातात. मी तिच्या बोटांखाली हळूहळू, एकेक फेरा मोजत उतरते. ती जितकं हळू म्हणेल तितकं हळू. मला कुठलीच घाई नाही.